इन्फ्रारेड फोटोग्राफी: नुसता फिल्टर घ्यावा की जुना कॅमेरा कन्व्हर्ट करावा?

कवडसा
मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते एकदा विचारून टाकतो. इन्फ्रारेड फोटोग्राफी सुरू करायची आहे. पांढरीशुभ्र झाडं, जवळजवळ काळं आकाश आणि त्यात ढग कोरून काढल्यासारखे, तसले फोटो. हाताशी एक सध्याचा मिररलेस (आत आरसा नसलेला कॅमेरा) आहे आणि एक जुना डीएसएलआर (आत आरसा असलेला) कपाटात पडून आहे, पण ठणठणीत चालतो. रस्ते दोन दिसतात. एक म्हणजे ७२० नॅनोमीटरचा, दिसणारा उजेड अडवून इन्फ्रारेड आत सोडणारा फिल्टर घ्यायचा, लेन्सवर लावायचा आणि ट्रायपॉडवर लांब एक्स्पोजर द्यायचं. दुसरा म्हणजे जुना कॅमेरा उघडून सेन्सरपुढची इन्फ्रारेड अडवणारी काच काढून टाकायची, मग हातात धरून कितीही फोटो काढा. माझं मत सध्या फिल्टरकडे झुकतंय, कारण एकदा कन्व्हर्ट केला की तो कॅमेरा नेहमीच्या फोटोंना गेला. ज्यांनी दोन्ही केलंय त्यांनी सविस्तर लिहा, घाई नाही.

तिपाई
फिल्टर. डोळे मिटून फिल्टर.
हे काम आपल्याला आवडतं की नाही हे कळायच्या आधी कॅमेरा कशाला उघडायचा? फिल्टर लावून काम करायची एक रीत आहे ती सांगतो. आधी ट्रायपॉड पक्का करायचा, फिल्टरशिवाय फ्रेम लावायची, फोकस करायचा, फोकस मॅन्युअलवर टाकायचा, मग फिल्टर हलक्या हाताने फिरवून बसवायचा, लेन्सची रिंग हलू द्यायची नाही. डीएसएलआर असेल तर मागचा आयपीस, म्हणजे डोळा लावायची खिडकी, झाकायचा, नाहीतर लांब एक्स्पोजरमध्ये तिथून उजेड आत शिरतो आणि फोटोवर पट्टा येतो. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) २००, लेन्सचं छिद्र एफ/८, टळटळीत ऊन. एवढं करून एक्स्पोजर कुठे चार-पाच सेकंद येतं तर कुठे मिनिटाच्या पुढे जातं, सगळं तुमच्या कॅमेऱ्यातली काच इन्फ्रारेड किती कडक अडवते त्यावर. मीटरवर विसंबू नका, हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख बघा, आणि तोही नुसता लाल चॅनलचा, कारण सगळ्यात आधी तोच फाटतो, म्हणजे उजळून तपशील गमावतो.

शटरबहाद्दर
तिपाईंशी असहमत, अगदी शंभर टक्के.
लांब एक्स्पोजरमध्ये झाडं स्थिर कधी असतात ते सांगा. इन्फ्रारेडची सगळी मजा पानांत आहे, पानागणिक पांढरा रंग, एकेक कड वेगळी. तीस सेकंद दिलेत की वाऱ्याने त्या सगळ्याचा लगदा होतो. लोक मग म्हणतात वा काय स्वप्नवत दिसतंय, पण ते इन्फ्रारेडचं श्रेय नाही, ते हललेलं झाड आहे. कन्व्हर्ट केलेल्या कॅमेऱ्यात त्याच उन्हात एफ/८ ला १/१२५ सेकंद सहज मिळतो. माणसांचे फोटो निघतात, पक्षी निघतात, चालता चालता फोटो निघतात. फिल्टरवाला माणूस दिवसभरात काढेल तेवढे मी तासाभरात काढतो आणि त्यातच शिकणं होतं.

मुक्कामपोस्ट
एक बाळबोध शंका. इन्फ्रारेड म्हणजे उष्णता दिसते ना? मग रात्री माणसं चमकताना वगैरे दिसतील का या कॅमेऱ्यात?

झाडपाला
@मुक्कामपोस्ट, नाही. शंका अगदी रास्त आहे, कारण दोन्हीला इन्फ्रारेडच म्हणतात. आपल्या डोळ्यांना साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर दिसतं. साध्या कॅमेऱ्याचा सिलिकॉनचा सेन्सर त्याच्या थोडा पुढे, जेमतेम ११०० पर्यंत बघू शकतो. अंगाची ऊब दाखवणारे थर्मल कॅमेरे ८ ते १४ मायक्रोमीटरवर चालतात, म्हणजे ८००० ते १४००० नॅनोमीटर. त्यांचा सेन्सर वेगळा, लेन्सही जर्मेनियमसारख्या पदार्थाची, कारण साधी काच तिथे अपारदर्शक असते. आपण जे काढतो ते परावर्तित ऊनच असतं, फक्त डोळ्यांना न दिसणारा त्याचा तुकडा. अंधारात काहीही दिसणार नाही.

आता झाडं पांढरी का, तेही लिहूनच टाकतो, माझा जिव्हाळ्याचा विषय आहे. हरितद्रव्य लाल आणि निळा उजेड खातं, थोडा हिरवा परत पाठवतं, म्हणून पान हिरवं. पण ७०० च्या पुढे हरितद्रव्याला उजेडात काही रस नाही, त्याच्यासाठी ते पारदर्शक. मग तो उजेड पानाच्या आत शिरतो, तिथे पेशी आणि त्यांच्यामधल्या हवेच्या पोकळ्या असतात, त्यांच्या कडांवर आपटत विखुरतो आणि जवळजवळ निम्मा परत बाहेर येतो. ताज्या बर्फात होतं तसंच काहीसं. म्हणजे पांढरेपणा पानाच्या रंगात नाही, आतल्या बांधणीत आहे. पान आजारी पडलं, सुकायला लागलं की ही बांधणी ढासळते आणि इन्फ्रारेडमध्ये ते काळवंडतं. १९७२ मध्ये सोडलेल्या लँडसॅट-१ पासून उपग्रह पिकांची तब्येत याच आधाराने बघत आलेत, इन्फ्रारेड आणि लाल यांची वजाबाकी भागिले बेरीज, हिरवाईचा निर्देशांक म्हणतात ते एनडीव्हीआय हेच.

बाराखडी
वा झाडपाला, शाळेत असं कोणी शिकवलं असतं तर!
आकाश काळं का होतं तेही सांगा ना.

झाडपाला
हवेचे रेणू निळा उजेड जास्त विखुरतात, तरंगलांबी वाढेल तसं हे विखुरणं तिच्या चौथ्या घाताने कमी होतं. दुप्पट तरंगलांबी तर सोळावा हिस्सा. इन्फ्रारेडमध्ये निरभ्र आकाशातून फारसं काही येतच नाही, म्हणून काळं. ढगांचे थेंब मोठे असतात, ते सगळ्या तरंगलांबी सारख्याच विखुरतात, म्हणून ढग पांढरेच राहतात. याच कारणाने लांबच्या डोंगरांवरचा निळसर धूसरपणा इन्फ्रारेडमध्ये कापला जातो, पण धुकं कापलं जात नाही. धुक्याच्या आरपार दिसेल या आशेवर कोणी फिल्टर घेऊ नका.

अंधारखोली
चर्चा रंगली आहे, एका जुन्या फिल्मवाल्याची भर.
१८०० साली विल्यम हर्शेलने लोलकातून पडलेल्या रंगपट्ट्याच्या तांबड्या टोकाबाहेर थर्मामीटर ठेवला आणि पारा तिथेही चढला, तिथून या किरणांची ओळख झाली. त्यांचे फोटो मात्र एकशे दहा वर्षांनी आले, १९१० मध्ये रॉबर्ट वूडने छापले. झाडं पांढरी दिसण्याला त्याच्याच नावाने ओळखतात. दुसऱ्या महायुद्धात कोडॅकने रंगीत इन्फ्रारेड फिल्म केली ती लपवलेले तळ शोधायला. हिरवा रंग फासलेली जाळी आणि खरी झाडं डोळ्यांना सारखी दिसली तरी फिल्मवर जिवंत पानं लालभडक येत आणि रंगवलेलं कापड वेगळं पडे.
आम्ही वापरायचो ती कोडॅक एचआयई, कृष्णधवल इन्फ्रारेड फिल्म. मिट्ट अंधारात भरायची, अंधारातच काढायची. तिच्यात मागून परतणारा उजेड शोषणारा थर नव्हता, त्यामुळे उजळ भागांभोवती तेजोवलय यायचं. आजकाल सॉफ्टवेअरमध्ये झाडांना जो ग्लो देतात तो त्या फिल्मची नक्कल आहे, इन्फ्रारेडचा गुण नव्हे. २००७ मध्ये ती बंद झाली. इलफर्डची एसएफएक्स मिळते पण तिची धाव ७४० पर्यंतच.
एक कामाची गोष्ट. जुन्या मॅन्युअल लेन्सवर फोकसच्या पट्टीशेजारी एक लाल टिंब किंवा रेघ असते बघा, ती इन्फ्रारेडसाठीची खूण. लेन्स इन्फ्रारेडला थोडं वेगळ्या जागी फोकस करते. नेहमीसारखा फोकस करायचा आणि जे अंतर येईल ते त्या लाल खुणेवर आणून ठेवायचं.

तिपाई
लाल खुणेचं मुद्दाम आठवणीने लिहिलंत, आभार. बहुतेक नव्या लेन्सवर ती खूण नसते. एफ/८ ला फोकसमधला हा फरक बराचसा झाकला जातो म्हणून मी वर तो आकडा दिला.

शटरबहाद्दर
मिररलेसमध्ये हा प्रश्नच येत नाही, फोकस खुद्द सेन्सरवरच होतो, जे दिसतं तेच मिळतं. डीएसएलआरमध्ये ऑटोफोकसचा सेन्सर वेगळा बसवलेला असतो आणि तो दृश्य उजेडावर चालतो, म्हणून लाइव्ह व्ह्यू, म्हणजे सेन्सरवरचं चित्र मागच्या पडद्यावर बघणं, वापरायचा. आणि एफ/११, एफ/१६ अशा लहान छिद्रांकडे जाऊ नका. तरंगलांबी जास्त म्हणून डिफ्रॅक्शनही (छिद्राच्या कडेला उजेड पसरणं) जास्त, चित्र लवकर मऊ पडतं.

निळाई
इतका वेळ कोणी हॉटस्पॉटचा उल्लेख कसा केला नाही? फिल्टर की कन्व्हर्जन ठरवण्याआधी आपल्याकडच्या लेन्स तपासा हो. काही लेन्स दृश्य उजेडात अप्रतिम असतात आणि इन्फ्रारेडमध्ये फोटोच्या बरोबर मध्यभागी फिकट गोल डाग पाडतात. आतले कोटिंग आणि नळीचा काळा रंग दृश्य उजेडासाठी केलेले असतात, इन्फ्रारेडमध्ये तोच काळा रंग चकाकू शकतो, मग उजेड आतल्या आत आपटत राहतो. महागडी लेन्स म्हणजे सुटका असं मुळीच नाही, साधी किट लेन्स अनेकदा जास्त स्वच्छ निघते. तपासायचं कसं तर एकसारख्या आकाशाचे किंवा भिंतीचे फोटो काढायचे, एफ/४ पासून एफ/१६ पर्यंत. जसं छिद्र लहान होईल तसा डाग आकसतो आणि त्याची कड ठळक होते. एफ/५.६ ला नुसता उजळपणा वाटतो, एफ/१६ ला चक्क नाण्यासारखा गोल दिसतो. तो नंतर पुसता येतो पण ढगांवर पडला तर जीव जातो पुसताना.

कवडसा
निळाई, हे फार मोलाचं सांगितलंत. आणि ते निळं आकाश आणि पांढरी झाडं असे रंगीत इन्फ्रारेड फोटो असतात ते कसे करतात? माझ्या वाचनात चॅनल स्वॅप आलं पण नीट समजलं नाही.

निळाई
सांगते, जरा लांबेल.
७२० च्या फिल्टरमधून आलेला फोटो आधी नुसता लालेलाल दिसतो, बिचकू नका. रॉमध्येच, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या नोंदीत काढा. उन्हातल्या गवतावर कस्टम व्हाइट बॅलन्स घ्या, म्हणजे पांढरा कशाला मानायचा ते कॅमेऱ्याला सांगा, म्हणजे कॅमेऱ्याच्या पडद्यावरच पानं पांढुरकी आणि आकाश तांबूस तपकिरी दिसायला लागतं. सेन्सरवरचे लाल, हिरवे, निळे ठिपके ७२० च्या आसपास उजेड कमीजास्त सोडतात, तेवढाच काय तो रंग उरतो. चॅनल स्वॅप म्हणजे लाल आणि निळ्याची अदलाबदल. आता फोटोच्या सॉफ्टवेअरमधल्या चॅनल मिक्सरमध्ये जाऊन लाल चॅनलमध्ये लाल शून्य आणि निळा शंभर, निळ्या चॅनलमध्ये निळा शून्य आणि लाल शंभर. तपकिरी आकाश झटक्यात निळं होतं. गिंप या सॉफ्टवेअरमध्येही हे होतं, फुकट.
अडचण एकच येते, अडोबीच्या लाइटरूम सॉफ्टवेअरचा व्हाइट बॅलन्स २००० केल्विनच्या खाली जात नाही आणि इन्फ्रारेडला त्याच्याही खाली जायचं असतं, म्हणून तिथे फोटो लालच राहतो. अडोबीचं डीएनजी प्रोफाइल एडिटर घेऊन आपल्या कॅमेऱ्यासाठी एक प्रोफाइल बनवायचं, त्यात तापमानाची पट्टी अगदी तळाला न्यायची, झालं. किंवा कॅमेरा कंपनीचं स्वतःचं सॉफ्टवेअर वापरा, ते कॅमेऱ्यात घेतलेला बॅलन्स जसाच्या तसा वाचतं.
रंगांचा जास्त सोस असेल तर ५९० चा फिल्टर, त्यात स्वॅपनंतर पानं सोनेरी पिवळी येतात. ६६५ हा ५९० आणि ७२० यांच्या मधला. आणि ८३० किंवा ८५० घेतलात तर सगळे ठिपके सारखंच बघतात, रंग संपला, शुद्ध कृष्णधवल.

अंधारखोली
मला ती सोनेरी पानं आणि निळं आकाश बघवत नाही. इन्फ्रारेडचा खरा जोर कृष्णधवलमध्ये आहे, कारण तिथे आपण जे दाखवतो ते मोजलेलं असतं, कुठे किती इन्फ्रारेड परतला ते. रंग मात्र सॉफ्टवेअरने चिकटवलेले.

निळाई
अंधारखोली, आदर ठेवून असहमत. कृष्णधवलमधला करडाही तुम्ही सॉफ्टवेअरमध्ये उजळ-गडदचा कर्व्ह ओढूनच ठरवता ना? ५९० मधला पिवळा आणि निळा फरक सेन्सरने खरोखर नोंदलेला असतो, आपण फक्त त्याला दिसणारे रंग नेमून देतो. तुमची ती युद्धातली फिल्म तेच करत होती.

अंधारखोली
मुद्दा बिनतोड आहे. आवड मात्र बदलत नाही. :)

बाराखडी
माणसांचे फोटो कसे येतात यात?

शटरबहाद्दर
त्वचा दुधासारखी गुळगुळीत येते, डाग, पुटकुळ्या गायब. उजेड कातडीच्या जरा आत जाऊन परततो म्हणून. पण डोळे काळेभोर खोल दिसतात आणि मनगटावरच्या, कपाळावरच्या शिरा दिसायला लागतात. सगळ्यांनाच आवडतं असं नाही, आधी विचारावं. कपड्यांची तर गंमतच, काळे कृत्रिम धाग्याचे कपडे चक्क फिकट येतात.

तिपाई
कपड्यांवरून आठवलं, लायका एम८. २००६ मध्ये आला, सेन्सरवरची इन्फ्रारेड अडवणारी काच त्यांनी फार पातळ ठेवली होती, लग्नसमारंभात काळे सूट जांभळे यायला लागले. शेवटी कंपनीने लेन्सवर लावायला इन्फ्रारेड अडवणारे फिल्टर दिले. इन्फ्रारेडवाल्यांना मात्र तो आयता कॅमेरा मिळाला. निकॉन डी७० पण तसाच, फिल्टरने भराभर फोटो निघतात. आणि सिग्माच्या एसडी मालिकेत, एसडी१४ वगैरे, ती काच चक्क हाताने काढता येते आणि परत बसवता येते. कवडसा, तुमचा जुना डीएसएलआर किती जुना आहे? जितका जुना तितकी काच इन्फ्रारेड अडवण्यात ढिली असण्याची शक्यता जास्त. टीव्हीचा रिमोट कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा आणि अंधाऱ्या खोलीत सेकंदभर एक्स्पोजर द्या. ठिपका लख्ख आला तर फिल्टरने काम भागेल. पक्की कसोटी नाही, रिमोटचा उजेड ९४० च्या आसपास असतो आणि आपल्याला ७२० पासूनचं हवंय, पण अंदाज येतो.

मुक्कामपोस्ट
फिल्टर न घेता घरच्या घरी काही करता येईल का, नुसतं बघायला?

अंधारखोली
येईल. स्लाइड फिल्मचा न वापरलेला पण डेव्हलप केलेला काळा तुकडा इन्फ्रारेड सोडतो. एकावर एक दोन थर लेन्ससमोर धरा. चित्राला धार नसते, पण झाड पांढरं दिसतं.

शटरबहाद्दर
दोन साधे पोलरायझर (एकाच दिशेने कंप पावणारा उजेड सोडणारे फिल्टर) एकमेकांना आडवे फिरवले तरी दृश्य उजेड अडतो आणि इन्फ्रारेड निसटतो. याच कारणाने बदलता एनडी (उजेड कमी करणारा फिल्टर) आणि बरेच गडद एनडी फिल्टर लांब एक्स्पोजरला तपकिरी झाक आणतात, लोक त्याला सेन्सरचा दोष समजतात.

झाडपाला
दोन धोक्याच्या सूचना, कृपया कोणी हलक्यात घेऊ नका.
एक, यातल्या कुठल्याही फिल्टरमधून, फिल्मच्या तुकड्यातून सूर्याकडे डोळ्यांनी बघू नका. काच काळी दिसते म्हणून डोळ्याला त्रास होत नाही, बाहुली उघडीच राहते आणि इन्फ्रारेड मात्र सगळा आत जातो. डोळ्यातला पडदा भाजतो आणि दुखतसुद्धा नाही.
दोन, कॅमेरा स्वतः उघडणार असाल तर आत फ्लॅशचा कपॅसिटर असतो, ३०० व्होल्टच्या घरात. बॅटरी काढली तरी त्यात भार राहतो. व्हिडिओ बघून स्क्रू ड्रायव्हर घालणाऱ्यांनी हे आधी वाचावं.

शटरबहाद्दर
झाडपालांना +१. कन्व्हर्जन जाणत्या माणसाकडूनच करून घ्या. काच काढली की तिच्या जागी मोजून तेवढ्याच ऑप्टिकल जाडीची दुसरी काच बसवावी लागते, नाहीतर फोकस सरकतो आणि काही लेन्स अनंतापर्यंत पोचतच नाहीत. सेन्सर हलवून स्थिर करणारे कॅमेरे तर आणखी नाजूक.

कवडसा
सगळ्यांचे मनापासून आभार. रिमोट धरून बघितला. मिररलेसमध्ये जेमतेम करडा ठिपका, जुन्या डीएसएलआरमध्ये एकदम लख्ख पांढरा. लाइव्ह व्ह्यू त्यात आहे. म्हणजे आता प्रश्न असा उरतो, फिल्टर घेऊन जुन्या डीएसएलआरवर सुरुवात केली आणि पुढे कन्व्हर्ट करावासा वाटला तर फिल्टर वाया जाईल का?

तिपाई
मुळीच नाही. फुल स्पेक्ट्रम करून घेतलात, म्हणजे आत साधी पारदर्शक काच, तर लेन्सवर तोच ७२० चालतो. आणि इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर लावलात तर नेहमीचे फोटोही निघतात. तुमची पहिली काळजी, कॅमेरा कायमचा गेला ही, तिथेच मिटते.

शटरबहाद्दर
थांबा थांबा. फुल स्पेक्ट्रम मिररलेसला उत्तम, डीएसएलआरला नाही. लेन्सवर काळा फिल्टर म्हणजे व्ह्यूफाइंडरमध्ये मिट्ट काळोख, दरवेळी लाइव्ह व्ह्यू, आणि भर उन्हात त्या जुन्या पडद्यावर काय दिसणार? डीएसएलआरमध्ये ७२० आत सेन्सरवरच बसवायचा, म्हणजे डोळ्याने नेहमीसारखं बघून फोटो काढता येतो आणि फोकसही त्याप्रमाणे जुळवून घेता येतो. मग लेन्सवरचा फिल्टर त्या कॅमेऱ्याला लागत नाही, हे मात्र खरं.

निळाई
दोघंही बरोबर आहात पण ते पुढचं पुढे. कवडसा, ठिपका इतका लख्ख असेल तर आत्ता नुसता फिल्टर घ्या, होया आर७२ किंवा तसाच दुसरा ७२०. वारा पडलेला असेल तेव्हा झाडं काढा, वारा असेल तेव्हा इमारती, दगड, ढग. झाडं हलतायत म्हणून तुमची चिडचिड व्हायला लागली की समजा कन्व्हर्जनची वेळ आली. नाही झाली तर फिल्टरच पुरे.

शटरबहाद्दर
बरं, निळाईंचं मान्य. पण चिडचिड होणार, लिहून ठेवा.

कवडसा
ठरलं मग, ७२० चा फिल्टर आणि जुना डीएसएलआर. आधी लेन्स तपासतो हॉटस्पॉटसाठी. शेवटचा प्रश्न, माझ्या दोन लेन्सचे फिल्टरचे व्यास वेगळे आहेत, ५८ आणि ६७. कोणता घेऊ?

तिपाई
६७ चा घ्या आणि ५८ वाल्या लेन्सला स्टेप-अप रिंग लावा, म्हणजे मोठा फिल्टर बसतो. रिंग लावल्यावर हूड, म्हणजे लेन्सवरची सावलीची टोपी, बसणार नाही, तेव्हा हाताने नाहीतर पुठ्ठ्याने लेन्सवर सावली धरा, इन्फ्रारेडमध्ये कोटिंग नीट काम करत नाही आणि फ्लेअर, म्हणजे उजेडाचे डाग, फार येतो. रिंग पितळी मिळाली तर बघा, ॲल्युमिनियमची उन्हात फिल्टरला घट्ट चिकटते.